दाराच्या पोटातली बांगडी

हाताचा पंजा लहान कसा करायचा हे मला अम्मीनं शिकवलं, आणि तो कुठं घालायचा हे अब्बांनी. दोघांनाही दुसऱ्याचं शिकवणं मंजूर नव्हतं, पण माझा उजवा हात एकच होता, त्याला मी तरी काय करणार? धाराशिवात येडशी रस्त्याला आमचं घर होतं. बाहेरच्या खोलीत अम्मी बायकांना बांगड्या भरायची, शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये अब्बा मोटारींच्या काचांचं काम करायचे. पुढची काच, मागची काच, दारांच्या काचा, आणि त्या वर-खाली करणारी दारातली मशीन. सगळं गाव त्यांना काचवाले चाचा म्हणायचं. घरात आम्ही दखनी बोलायचो. इथं मी ते मराठीत लिहितेय, त्यात अम्मीच्या बोलण्याचा तिखटपणा थोडा उणा होईल, पण तिची भीती आता उरलेली नाही.

त्या घरातली दुपार मला अजून झोपेत दिसते. शेडच्या भिंतीला मोटारींच्या काचा टेकून उभ्या असायच्या आणि ऊन कललं की त्यांतून उजेडाचे मोठे मोठे तुकडे निघून घरात शिरायचे. ते छताला चिकटायचे, अम्मीच्या बांगड्यांच्या माळांवरून सरकायचे, आणि मग भिंतीवर हिरवं, जांभळं, मधाच्या रंगाचं काहीतरी हलत राहायचं. मी फरशीवर उताणी पडून ते बघत राहायची. एका कानात बांगड्यांची किणकिण, दुसऱ्या कानात मशीनची ती सूंऽऽई. काच वर जाताना आवाज बारीक होतो, खाली येताना जरा सैलावतो. डोळे मिटून मी सांगायची, काच अर्ध्यात आली, आता वर टेकली. चुलीवर दालचा शिजत असायचा, चिंच पडली की वास बदलायचा, आणि मला वाटायचं, जग एवढंच आहे आणि एवढं पुरे आहे.

बांगडी भरताना अम्मीचं एकच सांगणं असायचं. "हात सोडा, बाई. तो तुमचा न्हायच समजा." अंगठा तळहातात दुमडायचा, करंगळीखालचं हाड आत दाबायचं, आणि मग हातातला जीव काढून घ्यायचा. घाबरून ताठ धरलेल्या हातात बांगडी जात नाही, फुटते. फुटली म्हणायचं नाही हां, वाढली म्हणायचं. ही रीत बांगड्या भरणाऱ्याच्या घरात सगळ्यात आधी शिकवतात. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून अम्मी माझ्या हातावर नवा माल आजमावायची, त्यामुळं माझा हात कुठल्याही मापातून पाण्यासारखा जायचा.

आणि एके दिवशी अब्बांचा नट पडला. मोटारीच्या दाराचं आतलं पॅनल काढलं की पत्र्याला एक वेडंवाकडं भोक दिसतं, डब्याच्या झाकणाएवढं. त्यातून सगळं काम करायचं. तुटलेल्या तारेची जुनी मशीन तिरकी करून बाहेर काढायची, नवी तशीच आत घालायची, काच तिच्यावर बसवून बोल्ट आवळायचे. अब्बांचा पंजा भाकरीएवढा. समोरचं सगळं ते लीलया करायचे, पण मागच्या कोपऱ्यातला एक नट दिसतही नाही आणि पोचतही नाही, त्यापाशी येऊन ते घाम पुसायचे. "नसीम, जरा बघ गं बेटा," ते म्हणाले. मी अंगठा दुमडला, हातातला जीव काढला, आणि हात कोपरापर्यंत आत गेला. अब्बा बघतच राहिले.

दाराच्या आत काय असतं हे कुणाला विचारलंय का तुम्ही? मी सांगते. थंड अंधार असतो. जुन्या रबराचा, धुळीचा आणि कधीकाळी शिरलेल्या पाण्याचा वास असतो. तळाशी लोकांच्या हरवलेल्या वस्तू असतात: चिंचोके, केसाची पिन, शाळेची शिट्टी, एकदा तर दुधाचा दात! बोटांनी ते सगळं दिसतं. डोळे मिटून काम केलं की जास्त चांगलं दिसतं. अब्बांनी मला त्यांचे नियम शिकवले. मशीनच्या पट्टीला ग्रीस लावायचं, पण काच ज्या रबरातून सरकते त्याला ग्रीस लावशील तर खबरदार, धूळ धरून काच अडते. रबराला फक्त पावडर. ती पावडर अम्मीच्या डब्यातली, तीच घामेजलेल्या हातांना लावून ती बांगड्या चढवायची. एक डबा, दोन धंदे, आणि रोजचं भांडण.

पण लग्नाचं वय झालं तसं भांडण खेळातलं राहिलं नाही. माझी दोन स्थळं हातावरून मोडली. पहिल्या बाईंनी तळवा चोळून बघितला आणि म्हणाल्या, हे तर मिस्त्र्याचे हात. दुसरीनं नखांकडं बघून चहा अर्धा ठेवला. बांगड्या भरणारीच्या पोरीचे हात असे! अम्मी त्या दिवशी जेवली नाही. मग तिनं फर्मान काढलं की महिनाभर मी शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. रोज रात्री साय आणि बेसन चोळायचं, लिंबाची फोड नखांवर घासायची. मी गुपचूप ऐकलं. पण खरं सांगू, सुईणीनं बाळाला हात लावायचा नाही असं कुणी सांगितलं तर तिला काय वाटेल, तसं मला वाटत होतं. शेडमध्ये सूंऽऽई झालं की हात आपोआप हलायचे, आणि मनात एकच भीती असायची, की लग्न होईल आणि हे कायमचं सुटेल.

तिसरं स्थळ ईटहून आलं. त्यांची खव्याची भट्टी होती. मुलाचे वडील वारलेले. आई, हलीमाबी, भट्टी चालवायची. मुलगा इरफान मला बघायला आलाच नव्हता, म्हणे, गाडी चालवायला आला होता! पांढरी, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली गाडी, बटणावर काच वर-खाली होणारी. ईटमधली तसली पहिलीच असावी, कारण आमच्या यांनी वाटेत शंभरदा काच वर-खाली केली असणार. येडशीजवळ तार तुटली आणि हलीमाबींच्या बाजूची काच धप्पकन दारात बसली. तिथून धाराशिवपर्यंत त्या पदर तोंडावर धरून धूळ खात आल्या. त्यांना दमा होता. दारात उतरल्या तेव्हा बोलता येत नव्हतं, नुसती मान हलवून सलाम केला. हातातलं फडक्यात बांधलेलं खव्याचं गाठोडं अम्मीकडं दिलं आणि हात लगेच पदराखाली नेले. ते मी पडद्याआडून पाहिलं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

"तुम्ही जेवून उठेपर्यंत काच वर," अब्बा म्हणाले. त्यांच्याकडं सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणलेली तशीच एक मशीन होती, तिच्यावर त्यांचा भारी जीव. आत तहारी, मटण, दालचा, वरून गुलाबजाम. मला सकाळीच अम्मीनं हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, दोन्ही हातांत बारा-बारा, आणि बजावलं होतं की आज हात हलवायचा तो फक्त सलामाला. जेवण झालं. हलीमाबींना दम लागला होता म्हणून अम्मीनं त्यांना आतल्या खोलीत जरा पडायला लावलं. पोरगी नंतर बघू, म्हणाल्या त्या. मुलगा दुपारच्या, जोहरच्या नमाजाला मशिदीत गेला. घर अगदी शांत झालं. काचांचे उजेड छतावर चढले होते आणि त्यांच्याकडं बघता बघता मलाही पेंग यायला लागली होती.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या मागच्या दारात अब्बा येऊन उभे राहिले. काळे झालेले हात छातीशी धरलेले. त्यांनी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. मागचा नट! मी समजले, आणि अम्मीही समजली.

"खबरदार," अम्मी दबल्या आवाजात म्हणाली. "आज न्हाय. आज एक दिवस न्हाय."

"काच नुसती टेकवून ठेवलीय," अब्बा म्हणाले. "नट बसला न्हाय तर येडशीच्या आत परत पडंल."

"पडू द्या! माझ्या पोरीचं नशीब पडलं तर कोण उचलणार?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून हलीमाबींचा खोकला ऐकू आला. साधा नाही, छाती ओढणारा, थांबता थांबत नाही असा. अम्मीनं पदरानं कपाळ पुसलं. मग ती तोंड फिरवून तहारीच्या रिकाम्या पातेल्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बांगड्या वर सरकव. कोपरापर्यंत. आणि मला काय दिसलं न्हाय." आज माझ्या स्वतःच्या पोरींची लग्नं झाल्यावर कळतं, त्या एका वाक्याला तिला केवढी छाती लागली असेल.

शेडमध्ये अब्बांनी बाहेरून दोन्ही तळव्यांत काच तोलून धरली. मी ओढणी कमरेला खोचली, बांगड्या वर चढवल्या, अंगठा दुमडला. महिन्यानं हात आत जात होता. थंड अंधार, तोच वास. मला रडूच आलं. बोटांनी बोल्ट सापडला, नट दोन आटे फिरला, मग पाना. तिसऱ्या वळणाला कोपर वाकवावं लागलं आणि एक बांगडी घसरून मनगटावर आली, भोकाच्या पत्र्याला लागली. कट्. एवढाच आवाज. दोन तुकडे दाराच्या तळाशी जाऊन पडले. मी हात तसाच ठेवून नट आवळला, काम अर्धवट सोडायची आम्हाला सवय नव्हती. अब्बांनी बटण दाबलं आणि काच सूंऽऽई करत वर जाऊन टेकली. तुकडे काढायला हात परत घालणार, तेवढ्यात रस्त्यावर चपलांचा आवाज आला. नमाज सुटली होती. अब्बांनी पॅनल दाबून बसवलं, मी मागच्या दारानं पळाले. आमचे हे आजवर म्हणतात की मी काही पाहिलं नाही. खोटं! कमरेला ओढणी खोचलेली पोरगी पळताना पाहिली म्हणूनच तर नंतर एवढा लाळघोटेपणा करत होते.

रॉकेलनं हात पुसले, साबण लावला, वरून अत्तर. हलीमाबींसमोर बसले तेव्हा अम्मीचं लक्ष माझ्या मनगटावर गेलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. एका हातात बारा, एका हातात अकरा. सोयरीक ठरायच्या दिवशी बांगडी जाणं म्हणजे काय, हे बांगड्या भरणारीला कुणी सांगायला नको. हलीमाबींनी माझा हात हातात घेतला, पण स्वतःच्या हातावर पदर ठेवून. उलटा केला, सुलटा केला. मनगटावर पत्र्याचा ताजा ओरखडा होता. मग त्यांनी माझा हात नाकाजवळ नेला आणि हुंगला.

"आत्ताच वाढली, आपा," अम्मी घाईनं म्हणाली. "पाणी काढताना."

"बरं," हलीमाबी म्हणाल्या. गाडीत बसल्या, काच वर केली आणि गेल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मला वाटलं.

पंधरा दिवस निरोप आला नाही. अम्मी अब्बांशी बोलत नव्हती. त्यांच्या ताटात भाकरी वाढायची ती लांबून. अब्बा शेडमध्ये काम नसताना काचा पुसत बसायचे. मला सगळ्यांचा राग यायचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. स्थळ गेल्याचा नव्हे. मी चोरासारखी मागच्या दारानं पळाले याचा. पळायचं काय कारण होतं? मी काच चोरली नव्हती, बसवली होती. पण हे मोठ्यानं म्हणायची हिंमत त्या वयात कुणाजवळ असते!

सोळाव्या दिवशी पांढरी गाडी परत आली. पुढं मुलगा, मागं एकट्या हलीमाबी. उतरल्या आणि अब्बांना म्हणाल्या, "काच झ्याक चालतीया, चाचा. पर दाराच्या पोटात कायतरी वाजतंय."

"आत्ता बघतो," अब्बा पाना घेऊन पुढं झाले.

"तुमी न्हाय. जिनं बसवलं तिला बोलवा."

अम्मी बाहेर आली ती पदर सावरतच. "अहो आपा, तिला काय येतंय त्यातलं, ती पोरगी…"

"हातच्या काकणाला आरसा कशाला, बाई?" हलीमाबींनी दार धरून जरा जोरात हलवलं. आत काचेचा तुकडा खुळ्ळ करून वाजला. अम्मी खाली बसली. मला वाटलं, संपलं. आता गावभर होणार. पण एक बरंही वाटत होतं, की आता लपवायला काही उरलं नाही. मी मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं बाहेर आले. सगळ्यांसमोर पॅनलच्या क्लिपा काढल्या, अंगठा दुमडला, हात आत घातला. दोन तुकडे बोटांना लगेच लागले. हिरवे, धुळीनं मळलेले. मी ते तळहातावर ठेवून हलीमाबींपुढं धरले.

त्यांनी ते घेण्यासाठी हात पदराखालून बाहेर काढला, आणि मी पहिल्यांदा तो पाहिला. मनगटापासून बोटांपर्यंत डागच डाग. जुने पांढरे, नवे तांबडे. खव्याची कढई उकळी धरते तेव्हा दूध उडतं, आणि ढवळायचं खुरपं थांबवता येत नाही, थांबलं की खवा लागतो. दुसराही हात तसाच.

"मला बघाय आलते तवा माझ्या आईनं माझे हात असेच पदराखाली घालून बसवलं व्हतं," त्या म्हणाल्या. "लगीन झालं. पर एकदा झाकलेले हात लई वर्सं झाकलेलेच ऱ्हात्यात, पोरी. नवऱ्यापुढं झाकले, सासूपुढं झाकले. तू झाकून येऊ नकोस. पान्यासकट ये."

अम्मी रडायला लागली. अब्बांनी काच पुसायच्या फडक्यानंच डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं. मी तिथंच उभी, हात मळलेला. हलीमाबींनी तुकडे परत माझ्या हातावर ठेवले.

"आता ही ठीव आत, व्हती तिथं."

"आपा, असं नका करू," अब्बा म्हणाले. धंद्याचं निघालं की त्यांना दुसरं काही सुचायचं नाही. "तळाशी पाणी जायची भोकं असत्यात, तुकडा अडकला की दार सडतं."

"सडू द्या." त्यांनी आपलं रिकामं मनगट दुसऱ्या हातानं धरलं. "मालक गेल्यापासनं माझ्या घरात बांगडी वाजली न्हाय, चाचा. लेक न्हाय मला. ह्या पंधरा दिसांत रस्ताभर वाजली. पैल्या दिशी वाटलं, कटकट हाय. मंग सवय झाली. आता गप दारापाशी बसवत न्हाय."

मी ते तुकडे आत ठेवले. भोकापासून दूर, पुढच्या कोपऱ्यात, जिथं पाणी साचत नाही पण गाडी हलली की वाजेल.

लग्न झालं, मी पान्यासकट ईटला आले. भट्टीशेजारी शेड टाकली आणि अम्मीकडून एक पावडरचा डबा आणला. आज माझे गुडघे बोलायला लागलेत, नव्या गाड्यांच्या दारांत तारांचं जंगल असतं, नात बटण दाबून काच वर-खाली करत बसते आणि मी ओरडते, आवाज ऐक आधी! पण सासूबाई होत्या तोवर वर्षातून दोनदा त्या पांढऱ्या गाडीच्या दाराचं पॅनल मी स्वतः काढायची. पट्टीला ग्रीस, रबराला पावडर, पाण्याची भोकं तारेनं मोकळी करायची, बांगडीचे तुकडे पुसायचे, परत ठेवायचे. सासूबाई खाटेवर बसून बघायच्या. त्यांचे हात मांडीवर उघडे असायचे, पदर खांद्यावर.

शेवटच्या वेळी त्यांना दवाखान्यात न्यायला निघालो तेव्हा दुसरी चांगली गाडी दारात उभी होती. त्या पांढऱ्या गाडीतच बसल्या. डोकं माझ्या खांद्यावर, हात दाराच्या पॅनलवर. श्वास फार वरवर चालला होता. आमचे हे जीव मुठीत धरून गाडी हाकत होते, प्रत्येक खड्डा वळसा घालून चुकवत होते, आईला धक्का लागू नये म्हणून. येडशी जवळ आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"खड्डे चुकवू नको रे इरफान," त्या म्हणाल्या. "कवाधरनं वाजलीच न्हाय."

यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग यांनी वेग कमी केला आणि गाडी सरळ खड्ड्यातून नेली.